पूर्वेच्या खिडकीखाली

९ ऑक्टोबर

वास येतोय. चोइजिल म्हणतो, येत नाही.

पूर्वेच्या खिडकीखाली, सासूबाईंच्या पलंगाशी. आंबूस, कुजकट. मी भिंतीला नाक लावून उभी राहिले तर नवरोबा म्हणतात, "पोटुशी बायकांना काय, कसलेही वास येतात." येतात ना! कोळशाचा येतो, शेजारच्या पुन्सलच्या गाईचा येतो, तुझ्या मोज्यांचा तर पायरीपासून येतो. हा त्यातला नाही. गुरांत आणि गवताच्या गंजीत लहानाची मोठी झालेय मी. सडलेलं गवत डोळे मिटून ओळखते.

आणि आमच्या भिंती म्हणजे गवतच की! गव्हाच्या काडाचे दाबून बांधलेले गठ्ठे विटांसारखे रचायचे, आतून-बाहेरून मातीचा गिलावा द्यायचा, झालं घर. चोइजिल हे कुठल्याशा शिबिरात शिकून आला. गठ्ठे त्यानं रचले, माती मी तुडवली. भिंत एवढी जाड की खिडकीच्या कट्ट्यावर माणूस मांडी घालून बसेल. गेल्या हिवाळ्यात बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती आणि आत आम्ही बाह्या वर करून बसलो होतो. सकाळी एकदा चूल पेटवली की पुरे. शेजारी लोक रात्रभर उठून कोळसा घालत होते.

वास नसेलच. नसू दे. एवढंच नसू दे.

१२ ऑक्टोबर

आज त्यालाही आला. पलंग सरकवून गुडघ्यांवर बसला, भिंतीशी नाक नेलं. मग म्हणाला, "उंदीर मेला असेल."

उंदीर! बोलताना त्याचं त्यालाच पटत नव्हतं.

सासूबाई उशीला टेकून बघत होत्या. "म्हातारीच्या अंगाचा येत असेल," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. आम्हा दोघांना हसू आलं नाही.

१६ ऑक्टोबर

मी काम करते त्या पाण्याच्या टपरीवर आज लांबलचक रांग. पाण्याचा नळ माझ्या हातात, पण जिभा सगळ्यांच्या मोकळ्या. पुन्सल आपले कॅन गाड्यावर घेऊन उभा. हा सिमेंटचे ब्लॉक पाडून विकतो, त्यामुळे आमचं घर त्याच्या डोळ्यांत पहिल्यापासून सलतंय.

"यांजमाताई, माझी गाय रोज तुमच्याच भिंतीला चाटत बसते हो! एखाद्या दिवशी घर खाऊन टाकलं तर मला बोल लावू नका."

रांग खदखदून हसली. मीही हसले. "खाऊ दे की. तुझ्या ब्लॉकांना तर गाय तोंडसुद्धा लावत नाही," म्हटलं. तेव्हा त्याच्यावर हसले सगळे. पण घरी येताना सरळ त्या भिंतीकडेच वळले. ती गाय खरंच तिथेच असते, पूर्वेच्या खिडकीखाली. आज पण होती. हाकलली तर चार पावलं गेली आणि परत आली. काडाचा वास लागला असणार तिला. म्हणजे आत काड उघडं पडलंय का?

डोल्गोर तेवढी हसली नाही. नवरा नाही, दोन पोरं, राहायला नमद्याच्या तंबूची गळकी गेर. ती वाट बघतेय. ती आणि आमच्या चढावरची बरीच घरं. "तुमचं घर दुसरा हिवाळा काढू दे, मग आम्हीही काडाचंच बांधू," असं ठरलंय त्यांचं. वस्तीच्या कचेरीतल्या बाईंनीही तेच सांगितलंय — हे घर टिकलं तर सगळ्यांना काड आणि लाकूड मिळवून देऊ. सगळ्या चढाचे डोळे आमच्या भिंतींवर. कॅन भरून झाल्यावर डोल्गोरनं हळूच विचारलं, "सगळं ठीक ना ताई?"

"ठणठणीत," म्हटलं.

२० ऑक्टोबर

बाहेरून गिलाव्याला फुगा आलाय. चोइजिलनं बोटानं दाबला तर पापडी निघून हातात आली. आत बोट घातलं. बाहेर काढलं. पँटला पुसलं. मी बोटाकडे बघितलं होतं. काळं होतं.

आज लिहूनच टाकते. मनात ठेवून काय उपयोग. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही अंगणातल्या गेरमध्येच राहत होतो. नमद्याचं गोल घर, मधे लोखंडी चूल. गेर वाईट नाही. माळावर होतो तेव्हा कधी तक्रार केली नाही मी, वारा धूर उडवून न्यायचा. पण गुरं बर्फात मेली, आणि आमच्यासारखे हजारोजण येऊन या डोंगरउतारावर बसले. एकेका कुंपणाआड एकेक धुराडं. जानेवारीत समोरचं माणूस दिसत नाही. त्या धुरात आमचा मुलगा गेला. दात यायचे होते अजून. खोकायचा आणि मग माझ्याकडे बघायचा, हे काय होतंय मला असं विचारल्यासारखं.

चोइजिल रडला नाही. उन्हाळा आल्याबरोबर घर बांधायला लागला. "पुढचं मूल धुरात वाढवायचं नाही," एवढंच म्हणाला.

पुढचं मूल आता पोटात लाथा मारतंय. मार्चमध्ये येईल. आणि भिंत काळी पडलीय.

२९ ऑक्टोबर

कचेरीतल्या बाई येऊन गेल्या. चांगल्या आहेत, वाईट बोलवत नाही त्यांच्याबद्दल. आधी चहा घेतला, सासूबाईंच्या पायाची चौकशी केली, मग भिंत ठोकून पाहिली. बाहेर फुग्याशी पांढरी पूड जमलीय ती नखानं खरवडली.

"मातीत क्षार आहेत. आणि घरात वाफ फार. गेरमध्ये वाफ वरच्या झरोक्यातून निघून जाते. इथे तुम्ही दिवसभर मांस शिजवता, चहा उकळत ठेवता, ती वाफ जाणार कुठे? भिंतीत शिरते आणि काड भिजवते."

चोइजिल म्हणाला, "पण मग एकाच ठिकाणी का? माती चारही भिंतींना एकाच खड्ड्यातली आहे."

"मग बाकीच्याही होतील हळूहळू," बाई म्हणाल्या. रागानं नाही. डॉक्टर सांगतात तसं.

हिवाळाभर भिंत कोरडी ठेवून बघा, म्हणाल्या. सणानंतर परत येऊन भिंत उघडून बघतील. चूल कमी, भांडी झाकून, खिडक्या रोज थोडा वेळ उघड्या. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही उबेत बसणार होतो म्हणे!

३ नोव्हेंबर

भांडण. दुसरं काय.

मी मांसाचं भांडं चुलीवरून उतरवलं. सासूबाई उशीवरून उठून बसल्या. "चुलीवर भांडं नाही, ते घर का थडगं?"

"आई, भिंत सडतेय."

"भिंतीला काय कळतंय! गेरला कधी वाफ बाधली? माझी सासू चुलीवरून भांडं उतरवायची नाही."

"तुमच्या सासूच्या घराला भिंती नव्हत्या."

"तेच बरं होतं," म्हणाल्या.

चोइजिल मधे पडला नाही. तो भांडणात मधे पडेल तर सूर्य पश्चिमेला उगवेल. शेवटी म्हातारीच नरमली. "बरं. दिवसभराचं बंद करा. सकाळचा चहा तेवढा भरपूर ठेव. दूध आणि मीठ नीट घालून. एवढं ऐक पोरी, दुसरं काही मागत नाही." मला वाईट वाटलं. फेब्रुवारीत त्या पायरीवरच्या बर्फावर घसरल्या, खुबा मोडला, तेव्हापासून पलंग आणि खिडकी एवढंच त्यांचं जग. त्यातून चहा कसा काढून घेऊ? हो म्हटलं.

खिडकी उघडायचं कामही त्यांनीच आपल्याकडे घेतलं. "तुम्ही दोघं अंधारात बाहेर पडता. मी उघडत जाईन सकाळी." किती तत्परता! मला वाटलं होतं थंडीची कुरकुर करतील.

१४ नोव्हेंबर

आत पाणी गोठलं. आमच्या काडाच्या घरात. पाणी. गोठलं.

२ डिसेंबर

चोइजिलनं आज बाहेरच्या भिंतीवरून कुऱ्हाडीनं बर्फ फोडला. खिडकीपासून खाली ओघळलाय, जाड, मळकट. बर्फ मळकट असायचं नवल नाही, या शहरात आकाशातून पडतानाच काळा पडतो. पण हा आकाशातून आलेला नाही. "आतून येतोय," चोइजिल म्हणाला. "भिंत घाम गाळतेय." तुकडे कुंपणाकडे फेकले तर पुन्सलची गाय लगबगीनं येऊन चाटायला लागली. हिला दुसरं काम नाही!

आम्ही वाफ बंद केली. चूल निम्मी केली. घरात टोपी घालून झोपतो. तरी भिंत घाम गाळते. कशानं? मी विचारलं तर म्हणाला, "मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?" इतक्या मोठ्यानं तो माझ्याशी कधी बोललेला नाही.

११ डिसेंबर

दूध पुरत नाही. बाजारातून गोठलेल्या दुधाची ढेप आणते, चार दिवसांत संपते. डॉक्टरीण म्हणते, रोज पी. कुठून पिऊ? सासूबाईंना विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागल्या. म्हातारपणी भूक वाढते म्हणतात. पिऊ दे बापडीला. मी काळा चहा पिते.

१९ डिसेंबर

आज माझं चुकलं.

बाळाच्या कपड्यांची पेटी काढली होती. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, आता तरी आकाशाशी भांडण मिटव. बाळ येतंय."

मला कळलं त्यांना काय म्हणायचंय. इथल्या सगळ्या बायका सकाळच्या चहाची पहिली पळी घराबाहेर जाऊन आकाशाला उडवतात. घरची माणसं सुखरूप राहावीत म्हणून. मीही उडवायचे. मनापासून उडवायचे, मुलाचं नाव घेऊन! तो गेला त्या दिवशी मी पळी अंगणात भिरकावली आणि सांगितलं, ज्यानं माझं पोर नेलं त्याला माझ्या घरातून दुधाचा थेंब जायचा नाही. सासूबाई मला चोरून बाहेर जात राहिल्या, मी काणाडोळा केला. पाय मोडला आणि तेही सुटलं. सुटलं ते बरंच झालं.

हे सगळं मनात ठेवायचं होतं. पण मी बोलले. "तुम्ही त्याच्यासाठीही उडवत होता ना आई? रोज उडवत होता. काय मिळालं?"

त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवल्या नाहीत.

२० डिसेंबर

आज जेवल्या. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "मुलगी आहे." मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

६ जानेवारी

धूर एवढा की टपरीतून रांगेचं तोंड दिसत नव्हतं. नुसते खोकण्याचे आवाज. कुणाचा कोणता खोकला ते आता ओळखू येतं मला.

चोइजिल शहरातल्या बांधकामावरून आला की जेवायच्या आधी भिंतीपाशी जातो. हात लावतो. मग हात धुतो. आजारी माणसाचं कपाळ बघितल्यासारखं रोज. मी सांगितलं, बघू नकोस, बघून कोरडी होणार आहे का? म्हणाला, "डोल्गोरनं विचारलं आज. मी खोटं बोललो." मी म्हटलं, मीपण बोलले. दोघं एकाच ताटात जेवलो, बऱ्याच दिवसांनी.

१७ जानेवारी

आतूनही गिलावा सुटायला लागला. सासूबाईंच्या उशीवर मातीचे खडे. त्यांनी ते चिमटीनं उचलून डबीत ठेवलेत. कशाला, ते विचारलं नाही.

पांढऱ्या महिन्याचा दुसरा दिवस

नव्या वर्षाचा सण. बूझ, म्हणजे मांसाच्या करंज्या, उकडायच्या तर वाफ होणार, म्हणून शेजारच्या गेरमध्ये नेऊन उकडून आणल्या. थंडगार झाल्या येईपर्यंत.

गेल्या वर्षी याच दिवशी अख्खा चढ आमच्याकडे लोटला होता. आत आल्याबरोबर सगळ्यांना घाम फुटला होता. लोक कोट काढत होते, हसत होते, भिंतीला हात लावून बघत होते. एक आजोबा तर खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसले, उतरायलाच तयार नाहीत! चोइजिलचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, हा आता तरी रडेल.

या वर्षी कुणी कोट काढला नाही. सगळ्यांना वास आला. सासूबाईंचे आशीर्वाद घेतले, बूझ तोंडात घातल्या, निघाले.

डोल्गोर दारात थांबली. "रागावू नका ताई. मी पुन्सलकडे ब्लॉक सांगितलेत."

"ब्लॉकच्या घरात पोरं गारठतील ग. कोळसा किती लागेल माहितेय?"

"माहितेय. पण ते उभं तर राहील. माझ्या मागं कुणी नाही. मला चुकून चालायचं नाही."

तिचं बरोबर होतं. एकही शब्द खोटा नव्हता. तिच्या पोरांच्या खिशात खाऊ घातला आणि दार लावलं.

२६ फेब्रुवारी

उघडली भिंत.

बाईंनी आणलेल्या माणसानं खिडकीखाली करवतीनं चौकोन कापला. आतलं काड बाहेर ओढलं तर हातात लगदा आला. काळा, चिकट. आंबलेल्या दह्यासारखा वास घरभर. बाईंनी रुमाल नाकाला लावला. बघायला आलेली माणसं मागे सरली.

"वरच्या रांगेपर्यंत गेलंय," तो माणूस म्हणाला. बाईंनी चोइजिलच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची मेहनत वाया गेली याचं वाईट वाटतं. पण या थंडीत, आपल्या लोकांच्या राहणीला हे चालणार नाही असं दिसतं. इथे राहू नका. बाळ येतंय." कागदावर काहीतरी लिहिलं. इतरांना काड मिळायचं नाही आता. विषय संपला.

चोइजिल तो लगदा दोन्ही हातांत धरून उभा होता. सगळे गेले तरी उभा. "टाक ते," म्हटलं. "टाक ना!" तर माझ्याकडे बघून म्हणाला, "मी तुला म्हणालो होतो, पुढचं मूल धुरात नाही."

त्याच्या हातातून ते घेतलं, बाहेर नेऊन टाकलं. गाय होतीच.

२ मार्च

परत गेर. अंगणात सामान ठेवायला वापरत होतो ती. नमदे झटकले, चूल बसवली. पुन्सल कोळशाचं पोतं खांद्यावरून घेऊन आला, दाराशी ठेवून गेला. एखादा टोमणा मारला असता तरी चाललं असतं. त्याच्या दयेनं मी जास्त मेले.

चोइजिलनं सासूबाईंना पाठीवर घालून आणलं. त्या रडल्या. मला वाटलं होतं गेरमध्ये आल्याचा आनंद होईल. म्हणाल्या, "माझी खिडकी."

चूल त्याच जागी. पाळणा टांगायची जागाही तीच. मी तिकडे पाठ करून झोपते.

१८ मार्च

मुलगी झाली. प्रसूतिगृहातून लिहितेय. सासूबाईंचं खरं ठरलं.

इथे भिंती कोमट आहेत, धूर नाही. सगळ्या बायका घरी जायची घाई करतायत. मी एकटीच आहे, जिला घरी जायचं नाही.

२४ मार्च

आणली. काय करणार? चोइजिलनं गेरच्या दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्यात. तो चुलीपाशी बसून धुराकडे बघतो, चोर पकडायला बसल्यासारखा. कमी कोळसा घालावा तर पोर निळी पडते, जास्त घालावा तर हवा जड होते. यातला कोणता धोका पत्करायचा ते रोज ठरवायचं. सासूबाई काठी घेऊन चार पावलं टाकायला शिकतायत. पोर रडली की उठायचा प्रयत्न करतात.

३ एप्रिल

खोकली.

४ एप्रिल

दोनदा. डॉक्टरीण म्हणते, काही नाही, लक्ष ठेवा. मागच्या वेळीही हेच म्हणाले होते. अगदी हेच शब्द. मी तिच्या छातीला कान लावून बसते. माझं स्वतःचंच काळीज ऐकू येतं, तिचं येत नाही.

कुठे जाऊ हिला घेऊन? माळावर गुरं नाहीत. शहरात खोली नाही. घर होतं एक.

७ एप्रिल

चोइजिल घर पाडतोय. लाकूड वाळलेलं आहे तोवर काढून विकतो म्हणाला, डोंगरापलीकडे, जिथे हवा बरी आहे, तिथे गेर हलवू. कशावर जगायचं ते दोघांनीही बोलायचं टाळलं.

परवा पत्रे उतरवले. काल पूर्वेची भिंत पाडली, ती तर स्वतःच पडली म्हणायची. आज घण मारून उत्तरेच्या भिंतीचा कोपरा फोडला. मी पोरीला गुंडाळून बघायला गेले होते. आतून काड निघालं ते कोरडं, पिवळं, आम्ही घातलं होतं तसंच. हातात घेतलं तर कुरकुरलं. उन्हाळ्याचा वास आला. वाटलं, आत्ता बांधायला सुरुवात करतोय आम्ही, अजून काही झालेलंच नाही.

"हे तर चांगलं आहे," म्हटलं.

"ओल अजून पोचली नव्हती. पोचलीच असती," म्हणाला, आणि घाम पुसला. उद्या उरलेल्या भिंती.

८ एप्रिल

सकाळी पोर पुन्हा खोकली. मी चुलीवरून चहा उतरवत होते. सासूबाई काठी टेकत आल्या, माझ्या हातातून पळी घेतली. माझ्यासमोर! दार ढकललं, उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं आणि चहा आकाशाला उडवला. लांब गेला, कुंपणापर्यंत. मी अडवलं नाही. अडवायची ताकदच नव्हती.

वळून म्हणाल्या, "चिड माझ्यावर, पण नातीसाठी आहे. तू कामाला गेलीस की त्या खिडकीतून रोज उडवायची ग मी. एकेकाचं नाव घेऊन. बाळ राहिल्यापासून तर जास्तच. पण पोचायचंच नाही! कट्टा केवढा रुंद, म्हातारीचा हात पुरतोय कुठे? सगळं खाली सांडायचं, भिंतीवरून. आज बघ कसं पोचलं."

दूध. मीठ. गाय काड खायला येत नव्हती, मीठ चाटायला येत होती. आणि मी गुरांत वाढलेली!

घराकडून घणाचा आवाज आला. पोर त्यांच्या हातात दिली आणि तशीच अनवाणी पळाले. "थांब! चोइजिल, थांब!" त्यानं घण खाली टेकला. कोपरा सोडला तर तीन भिंती अजून उभ्या होत्या.